गेट पडलं की डी ठेवायचा की एन? ड्युअल क्लच गाडीबद्दल सविस्तर

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही रोज खानापूरहून बेळगावला येता. गाडी सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, घेऊन आठ महिने झाले, नऊ हजार किलोमीटर पळाली. टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट पडलं की थांबून राहावं लागतं. शेजारी सांगतात, थांबलं की लगेच एन (न्यूट्रल) करा, नाहीतर क्लच जळतो. शोरूममध्ये सांगितलं, डीमध्येच (ड्राइव्ह, म्हणजे पुढं चालायच्या गिअरमध्येच) असू दे, काही होत नाही. आणि हल्ली गेट उघडल्यावर गाडी उचलताना थरथरते, तेव्हा क्लच गेला की काय, ही काळजी.

उद्यमबागेत गिअरबॉक्सचं काम करून मला चोवीस वर्षं झाली. सुरुवातीची वर्षं सगळी हाताच्या गिअरची, गेली दहा-अकरा वर्षं जास्त करून ऑटोमॅटिकची. असा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो आणि विचारणारा माणूस बहुतेक वेळा गाडी जपणाराच असतो. म्हणून नीट सांगतो.

सिग्नलचा थांबा असेल तर डीमध्येच राहा आणि ब्रेक पूर्ण दाबून ठेवा. गेट पडलंय, रेल्वे यायला वेळ आहे असं दिसलं तर हँडब्रेक ओढून पार्क करा किंवा एनमध्ये ठेवा. हे दुसरं सांगतो ते पायाला विश्रांती म्हणून आणि चुकून ब्रेकवरचा पाय निसटला तर पुढच्या स्कूटरवाल्याला धक्का बसू नये म्हणून. क्लचच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. शोरूमवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्यांनी ‘ब्रेक पूर्ण दाबून’ हे तीन शब्द सांगायचे राहिले, आणि सगळी गोम त्या तीन शब्दांत आहे.

शेजाऱ्यांचा सल्लाही हवेतून आलेला नाही. हाताच्या गिअरच्या गाडीत क्लच स्प्रिंगच्या जोरानं कायम पकडलेला असतो आणि पायानं पेडल दाबलं की सुटतो. सिग्नलला पहिला गिअर टाकून पेडल दाबून बसलं की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सगळा वेळ भाराखाली फिरत राहतं आणि लवकर आवाज करायला लागतं. म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीनं शिकवलं, थांबलास की न्यूट्रल कर. त्या गाडीला ते शंभर टक्के बरोबर होतं. तुमच्या गाडीत मांडणी उलटी आहे. बहुतेक कोरड्या (क्लच तेलात नसलेल्या) ड्युअल क्लच बॉक्समध्ये क्लच मुळात सुटलेलाच असतो, संगणकानं जोर लावला की पकडतो. ब्रेक पूर्ण दाबला, गाडी थांबली, की संगणक तो जोर काढून घेतो. डी दिसत असला, आत पहिला गिअर बसलेला असला तरी इंजिन आणि गिअर यांच्यामधली पकड सुटलेली असते.

दोन क्लच कशासाठी, तेही सांगून टाकतो. एक क्लच विषम गिअरचा, म्हणजे एक, तीन, पाच, सात. दुसरा सम गिअरचा आणि बहुतेक बॉक्समध्ये रिव्हर्सही त्याच बाजूला. पहिल्यावर गाडी चालली असताना दुसरा गिअर आधीच बसवून तयार ठेवलेला असतो. बदलायची वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. ओढ तुटत नाही, म्हणून हायवेवर एवढी मजा येते. १९८० च्या दशकात पोर्शेनं ९५६ आणि ९६२ या रेसिंगच्या गाड्यांत हा प्रकार वापरला होता, तो याच कारणानं. तिथं गाडी एकदा सुटली की सुटली. गणपतीच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीतून ताशी तीन किलोमीटरनं सरकायचं काम त्याच्या वाट्याला नंतर आलं.

आता गेटवरची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगून पटेना. मी गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा स्कॅनर लावला, शेजारी बसलो आणि आम्ही दुसऱ्या गेटवर जाऊन रांगेत थांबलो. स्कॅनरवर विषम बाजूच्या क्लचच्या दोन ओळी लावल्या, एक टॉर्कची, म्हणजे क्लच किती जोर पुढं देतोय त्याची, आणि एक तापमानाची. ब्रेक पूर्ण दाबलेला होता तेव्हा टॉर्क शून्याच्या जवळ आणि तापमान जागच्या जागी. मग त्यांना म्हटलं, पाय थोडा हलका करा, पण गाडी हलू द्यायची नाही, एवढाच. गाडी तसूभरही पुढं गेली नाही. पण टॉर्कचा आकडा वर आला आणि तापमान एकेक अंशानं चढायला लागलं. संगणकाला वाटलं, मालक निघतोय, म्हणून त्यानं क्लच धरायला सुरुवात केली. इकडे ब्रेकनं चाकं धरून ठेवलेली. मध्ये क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासत राहिल्या. आत बसलेल्या माणसाला यातलं काही कळत नाही, आवाज नाही, झटका नाही. फक्त कान देऊन ऐकलं तर इंजिनाचा सूर किंचित जड होतो. पाय पुन्हा पूर्ण दाबला तसा आकडा लगेच खाली आला.

रोजच्या रहदारीत पाय असाच अर्धवट राहतो. मोबाइलकडे बघताना, शेजारच्याशी बोलताना, नुसता आळसानंही. ब्रेकवर पाय आहे, गाडी थांबलेली आहे, म्हणून माणूस निर्धास्त असतो. तुमच्या गाडीत ऑटो होल्डचं बटण असेल तर बेळगावात शिरल्या शिरल्या ते दाबून टाका. गाडी पूर्ण थांबली आणि ऑटो होल्डनं धरली की क्लच सुटतो, मग पायाचं वजन कमी-जास्त झालं तरी चालतं. शहरात ड्युअल क्लच वापरणाऱ्याला याच्याइतकी उपयोगाची दुसरी सोय माझ्या पाहण्यात नाही.

आता सरकत जाण्याचं. इथं थोडं गणित करू, तुम्ही शिकवणारे आहात, तुम्हाला आवडेल. माणसांसकट गाडी १४०० किलो धरा. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण सोळा फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. इंजिन रिकामं चालताना मिनिटाला ८०० फेऱ्या घेतं. क्लच पूर्ण धरला तर त्या फेऱ्यांवर गाडीचा वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास येतो. त्याच्या खाली क्लच पूर्ण धरता येत नाही, धरला तर इंजिन बंद पडेल. आणि चालणारा माणूस जातो ताशी चार-पाच किलोमीटरनं. म्हणजे माणसाच्या चालीनं तुम्ही रांगेत सरकत असता तेव्हा तुमचा क्लच प्रत्येक क्षणी घासत असतो, दुसरा इलाज त्याच्याकडं नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे तेलातून जोर पुढं देणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत हा फरक तेल पचवतं, त्यामुळे ती दिवसभर सरकली तरी फारसं बिघडत नाही. दोघींना बाहेरून ऑटोमॅटिकच म्हणतात आणि लिव्हरही सारखाच दिसतो, म्हणून लोक फसतात.

यावर उपाय अगदी साधा आहे. पुढची गाडी हात-दीड हात सरकली की तुम्ही लगेच सरकू नका. दोन-तीन गाड्यांइतकी जागा होऊ द्या. मग ब्रेकवरचा पाय पूर्ण काढा, अॅक्सिलरेटर थोडा पण ठाम द्या, गाडी ताशी दहाच्या वर नेऊन क्लच धरला की मग पुन्हा थांबा, आणि थांबताना पूर्ण थांबा. मागचा हॉर्न देईल, मधे एखादी अॅक्टिव्हा घुसेल, घुसू दे. दहा वेळा सरकण्याऐवजी तीन वेळा नीट निघालात तर क्लचचं काम तीन वेळाच होतं. रांग लांब असेल तर मॅन्युअल करून पहिल्याच गिअरला ठेवा. नाहीतर बॉक्स ताशी बारा-पंधराला दुसऱ्यावर जातो, तुम्ही ब्रेक मारता, तो परत पहिल्यावर येतो, आणि दोन्ही क्लच विनाकारण खेळत बसतात.

चढ आला की हे सगळं अनेक पटींनी वाढतं. कपिलेश्वर पुलाच्या चढावर रांग लागलेली असते तेव्हा बघा, निम्मे लोक ब्रेक न लावता रेस देऊन गाडी जागेवर धरतात. हाताच्या गिअरवर हाफ क्लचनं धरायची सवय, तीच पुढं आलेली. दहा मीटरला एक मीटर असा चढ धरला आणि इंजिन १२०० फेऱ्यांवर असेल, तर वरच्याच गाडीच्या हिशेबानं क्लचमध्ये तीन किलोवॅटच्या वर उष्णता तयार होते. घरातल्या गिझरची कॉइल दोन-तीन किलोवॅटची असते. तो गिझर तुम्ही दोन प्लेटांच्या मधे चालू करून ठेवलात, आणि आत पाणी नाही. सपाटीवर गाडी एकदा जागची उचलायला क्लचला जेवढी उष्णता सोसावी लागते, तेवढी चढावर धरून ठेवताना साधारण दर सव्वा सेकंदाला तयार होते. अर्धा मिनिट धरली तर वीस-पंचवीस वेळा गाडी उचलल्यासारखं झालं. म्हणून चढावर थांबायचं ते ब्रेकवरच. निघताना हिल होल्ड गाडी दोनेक सेकंद धरून ठेवतो, तेवढ्यात ब्रेकवरून पाय उचलून अॅक्सिलरेटर द्यायचा. घाबरायचं कारण नाही, सवयीनं आठवड्याभरात जमतं. हिल होल्ड नसेल किंवा भरवसा वाटत नसेल तर हँडब्रेक ओढा आणि ओढ लागली की सोडा, आपण ड्रायव्हिंग शिकताना करायचो तसं.

हे न केल्यानं काय होतं ते एका गाडीत मी हातानं उघडून पाहिलंय. गोव्याहून चोर्ला घाटानं येणारी गाडी, रविवारची संध्याकाळ, आत सहा माणसं आणि सामान. वळणावर एक अवजड ट्रक अडकला होता आणि केरीपासून वरची रांग इंचाइंचानं सरकत होती. चालवणाऱ्यानं पूर्ण चढ अॅक्सिलरेटरवर धरून काढला. मीटरवर बॉक्स तापल्याची सूचना आली. त्यानं इंजिन बंद केलं, दहा मिनिटांनी चालू केलं, पुन्हा तसंच. कणकुंबीच्या अलीकडे गाडी ओढायची बंद झाली, रेस दिली तर इंजिन नुसतं ओरडत होतं. टोचन करून माझ्याकडं आणली. बॉक्स खाली घेतला तर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आतल्या भिंतीवर काजळीसारखी बारीक पूड बसलेली. बोट फिरवलं तर बोट काळं. प्रेशर प्लेटवर निळी-जांभळी वर्तुळं उठलेली, सायलेन्सर तापून निळा पडतो तसा रंग. लायनिंगला, म्हणजे क्लचच्या घासणाऱ्या थराला, नख लावलं तर काचेवर लावल्यासारखं घसरत होतं. जळक्या वासानं शेड दोन दिवस भरलेली होती. पूर्ण क्लच संच बदलावा लागला आणि खर्च लाखाच्या घरात गेला. गाडी दोन वर्षांचीही नव्हती. त्या माणसाची चूक म्हणायला मला जीव होत नाही, गाडी देताना त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी आता प्रत्येकाला सांगतो, विचारो न विचारो.

त्याच्या ठिकाणी काय करायला हवं होतं? सूचना आली की जागा बघून बाजूला घ्यायची, हँडब्रेक लावून पार्क करायची. इंजिन चालू ठेवायचं की बंद करायचं, हे कंपनीप्रमाणे वेगळं असतं, तेव्हा तुमच्या गाडीच्या पुस्तकात त्या सूचनेचं पान काढून एकदा वाचून घ्या. काही मिनिटांनी सूचना जाते. आणि ती जाईपर्यंत पुढं जायचंच नाही, मागून कितीही हॉर्न वाजू देत. सूचना येण्याआधी जळका वास आला तरी तोच नियम.

तुमचा बॉक्स कोरडा आहे की ओला, हे माहीत असणं महत्त्वाचं. कोरड्यात क्लचला गार करायला फक्त हवा. ओल्यात क्लच तेलात असतो, तेल उष्णता घेऊन जातं. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.५ लिटर पेट्रोलमधला सात गिअरचा, ह्युंदाई व्हेन्यूच्या १.० टर्बोमधला, हे कोरडे. टाटांनी २०२२ मध्ये अल्ट्रोझला दिला तो ओला. ओला असला म्हणून अर्धवट ब्रेकची सवय चालते असं नाही, फक्त तो जास्त वेळ सोसतो, आणि त्याचं तेल ठरलेल्या किलोमीटरला बदलावंच लागतं, कारण घासलेल्याची पूड त्याच तेलात उतरते. एएमटीवाल्यांनाही, म्हणजे हाताचाच गिअरबॉक्स पण यंत्रानं चालवला जातो त्या गाड्यांनाही, ब्रेक, सरकणं आणि चढ यांबद्दलचं वरचं लागू आहे. त्यांचा क्लच एकच, पण तोही कोरडाच.

थांबल्यावर एन करण्याबद्दल आणखी दोन गोष्टी. दर दहा सेकंदांनी डी-एन-डी करण्यानं फायदा काहीच नाही, आणि एनवरून डी केल्यावर क्लच धरण्याच्या बेतात यायला क्षणभर लागतो. गेट उघडलं, मागचा ओरडला, तुम्ही घाईत डी करून लगेच अॅक्सिलरेटर दाबला, की गाडी झटका मारते. तो झटका क्लच आणि गिअर दोघांनाही सोसावा लागतो. डी केल्यावर एक श्वास थांबा. दुसरं, उतारावर एन कधीच नको. निपाणीकडं जाताना तवंदी घाट उतरताना काही लोक पेट्रोल वाचवायला एन करतात. ओढ सुटलेल्या गाडीला इंजिनचा ब्रेक मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो. इंजिन चालू असून गिअरमध्ये उतरणारी आजची गाडी अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ घेतच नाही, तेव्हा वाचत काहीच नाही. मॅन्युअल करून दुसरा-तिसरा गिअर लावा आणि शांतपणे उतरा.

उसाच्या हंगामाचा विषय निघालाच आहे तर, ट्रॉलीच्या मागं चढावर अडकलात तर ओव्हरटेकचा मोह करत पाय दाब-सोड, दाब-सोड करू नका. वर जायचं म्हणून बॉक्स पुढचा गिअर तयार करतो, तुम्ही पाय काढता, तो बेत बदलतो. अंतर ठेवून एका पायानं सावकाश चला, आणि रस्ता मोकळा दिसला की मॅन्युअलमध्ये गिअर खाली घेऊनच पुढं काढा.

चढावर पार्क करतानाही क्रम चुकतो. ब्रेक दाबून लगेच पी (पार्क) केला की गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातावर येतं. निघताना कडक आवाज होतो तो त्याचाच. ब्रेक दाबा, एन करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक हळू सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, मग पी.

आता तुमच्या थरथरीचं. नऊ हजार किलोमीटरला क्लच संपला असं मी इथं बसून म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणी नुसतं ऐकून म्हटलं तर विश्वास ठेवू नका. आधी तुम्हीच चार दिवस लक्ष द्या. सकाळी पहिल्या चार-पाच वेळा उचलतानाच थरथरते आणि नंतर जाते का? खानापूरला पावसाळ्यात अंगणात उभ्या गाडीच्या कोरड्या क्लचवर रात्रीत दमटपणा बसतो, तो घासून जाईपर्यंत थोडी थरथर होते. त्यात दोष नाही. उलट सकाळी ठीक आणि गेटच्या रांगेत तापल्यावर थरथरत असेल, तर लायनिंगवर चकाकी धरायला सुरुवात झालीय असं समजा. मग हे बघा की थरथर पहिल्यावर उचलताना होते, की दुसऱ्यावर आणि रिव्हर्सला होते. पहिल्यावर असेल तर विषम बाजूचा क्लच, दुसऱ्यावर आणि रिव्हर्सला असेल तर सम बाजूचा. हे कागदावर लिहून सर्व्हिस सेंटरला द्या, म्हणजे तुम्हाला ‘सगळ्या गाड्या अशाच करतात’ म्हणून परत पाठवता येणार नाही.

तिथं त्यांना स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग पुन्हा करायला सांगा. क्लच झिजत जातो तसा तो नेमका कुठं धरतो ती जागा सरकते, संगणकाच्या मनात मात्र जुनीच जागा असते, आणि तेवढ्यानंही थरथर येते. हे काम बॉक्स न उतरवता होतं. त्यानंतर महिनाभर वर सांगितलं तसं पूर्ण ब्रेक आणि मोकळी जागा ठेवून चालवा. चकाकी वरवरची असेल तर नीट धरून-सोडून ती बऱ्याच वेळा निघून जाते. महिन्यानंतरही तापल्यावर थरथर तशीच राहिली तर गाडी वॉरंटीत आहे, लेखी तक्रार द्या आणि जॉब कार्डावर ‘थरथर’ हा शब्द लिहून घ्या. तोवर कुणालाही, मलासुद्धा, बॉक्स उतरवू देऊ नका.